दुसऱ्यांच्या घरचे फोटो

धुळाची आणि माझी ओळख पाचगणीतल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत झाली. त्याला आता सात-आठ वर्षं होतील.

मी इस्लामपूरचा, नानासो. साखर कारखान्यात उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्यावर एकतीस वर्षं काढली आणि रिटायर झाल्यावर मला भिंतीवरच्या जुन्या घड्याळांचा नाद लागला. आमची मंडळी सगळ्यांना सांगतात, घरात अकरा घड्याळं आहेत पण वेळ बघायची तर मोबाईल शोधावा लागतो. खरं आहे ते. माझा जोडीदार लालासाहेब, सातारारोडचा, सुभेदार म्हणून रिटायर झालेला. त्याला जुने रेडिओ, दुर्बिणी, होकायंत्र असलं काही दिसलं की राहवत नाही. त्याच्याकडे बोलेरो आहे, म्हणून आमचा नाद टिकला.

पाचगणीत जुने बंगले पुष्कळ. मालक म्हातारे होऊन जातात, मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर परदेशात. बंगला हॉटेलवाला घेतो आणि ताबा द्यायच्या आधी घर रिकामं करावं लागतं. मग कुणीतरी मोबाईलवर निरोप फिरवतो, की अमुक बंगल्यातलं सामान रविवारी काढणार. मुंबईचे व्यापारी शनिवारीच येऊन चांगलं ते उचलून नेतात. रविवारी आमच्यासारख्यांना दार उघडतं तेव्हा कान तुटलेले कप, जाळीची कपाटं, गालिचे, पुस्तकं आणि बंद पडलेली घड्याळं राहिलेली असतात. मला तेवढंच हवं असतं. सांगलीत विश्रामबागेकडं, साताऱ्यात सदरबझारमध्येही अशी घरं निघतात, आम्ही तिकडंही जातो. पण पाचगणीची गोष्ट वेगळी.

तर त्या दिवशी मी घड्याळाचा लंबक शोधत मागच्या खोलीत गेलो. तिथं एक माणूस फरशीवर मांडी घालून बसला होता. पन्नाशीच्या आत-बाहेरचा, काळासावळा, अंगात पांढरा शर्ट. पुढ्यात फोटोंचे अल्बम. एकेक पान उलटायचा, बोट ठेवून बघायचा, मग पुढचं पान. ओळख ना पाळख अशा लोकांची लग्नं, वाढदिवस, क्रिकेटच्या मॅची तो तासभर बघत बसला. शेवटी अल्बम होते तसे रचून ठेवले, हात झटकले आणि रिकाम्या हातानं बाहेर पडला.

मी बोलायला गेलो तेव्हा कळलं, तो रहिमतपूरला पोस्टात आहे. मला वाटलं, हा पाकिटांवरची जुनी तिकिटं शोधत असणार. मी तसं विचारलं. तो नुसता हसला.

सातारारोडहून रहिमतपूर फार लांब नाही. पुढच्या खेपेपासून धुळा आमच्या गाडीत बसायला लागला. कधी कधी त्याची मुलगी प्रांजल बरोबर असायची. ती सांगलीत दवाखान्यात नर्स आहे, रविवारची सुटी जुळली की यायची. आम्ही चौघं वाईला मिसळ खायचो आणि पसरणीचा घाट चढायचो. वर्षभर हे चाललं. आम्ही घड्याळ, रेडिओ घेऊन उतरायचो आणि धुळा काहीच न घेता. लालासाहेबाला ते सहन होईना. एकदा परत येताना घाटात चहाला थांबलो तेव्हा त्यानं विचारलंच, की तू नेमकं काय हुडकतोस ते तरी सांग, म्हणजे आम्हीपण लक्ष ठेवतो.

धुळानं चहा संपवला. मग सांगितलं.

त्याचे वडील बिरा माण तालुक्यातले मेंढपाळ. म्हसवडच्या पुढं, वरकुट्याकडं त्यांची वस्ती. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन, घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, हा दरवर्षीचा क्रम. धुळा सहा वर्षांचा असताना, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, त्यांचा वाडा पाचगणीत एका बंगल्याखालच्या माळावर दोन दिवस बसला होता. मेंढपाळांचा तळ म्हणजे वाडा. त्या बंगल्यातून एक बाई आली. पँट घातलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली. तिच्या गळ्यात कॅमेरा होता. तिनं सगळ्यांना पाव वाटले आणि धुळाच्या आईला, ठकूला, उभं राहायला सांगितलं. आईनं पदराचं टोक तोंडात ओलं करून धुळाचे गाल पुसले, त्याचा हात धरला आणि उभी राहिली. कॅमेऱ्याचा खट्ट आवाज झाला, तेवढं त्याला पक्कं आठवतं.

पुढच्या महिन्यात कोकणात, पोलादपूरच्या खाली, आई तापानं गेली. तिथंच ओढ्याच्या काठाला तिचं सगळं केलं. जागा आता कुणाला दाखवता येणार नाही. बापानं परत आल्यावर धुळाला दहिवडीला बोर्डिंगात घातला, तो शिकला, पोस्टात लागला. आईचा दुसरा फोटो नाही. असायचं कारणच नव्हतं.

"बंगला कुठला ते ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "माळ हुता, उंच झाडं हुती. असं समदीकडंच हाय. पर तो फोटो कुठंतरी असणार की. टाकून कोण देतंय?"

त्यानंतर आमची पद्धत बदलली. बंगल्यात शिरलं की लालासाहेब आधी विचारायचा, फोटो कुठं आहेत. मी माळ्यावर चढायचो. प्रांजल जुन्या निगेटिव्ह मोबाईलच्या उजेडात धरून बघायची. किती घरं आम्ही अशी उपसली त्याचा हिशेब नाही. शाळेच्या पोरांचे गट, कुत्री, स्ट्रॉबेरीची पहिली शेतं, धुक्यातले रस्ते, सगळं बघून झालं. मेंढरांचा फोटो एकदाच मिळाला, तो काश्मीरचा निघाला.

मला त्या काळात एक गोष्ट जाणवायची. अल्बम बघताना धुळा घाई करत नसे. कुणाची आई दिसली, कुणी मुलाला मांडीवर घेऊन बसलेली, की तो त्या पानावर थांबायचा. पारशी असो, इंग्रज असो, त्याला फरक पडत नसे. घरी यायच्या वाटेवर प्रांजल त्याच्याशी मुद्दाम दुसरं काही बोलायची. पोस्टातल्या गमती विचारायची. तो सांगायचाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर निरोप आला. फर्नकॉट नावाचा बंगला. मालकीणबाई शाण्णव वर्षांच्या होऊन पुण्यात वारल्या. लग्न केलेलं नव्हतं. पाचगणीतच एका शाळेत भूगोल शिकवायच्या. पुतण्या आला होता सामान काढायला. निरोपाबरोबर काही फोटो होते, त्यातल्या एकात भिंतीवरच्या खुंटीला चामड्याच्या पेटीतला कॅमेरा लटकत होता. तो फोटो धुळानं मला पुन्हा पाठवला, खाली काही न लिहिता.

रविवारी आम्ही साडेआठलाच फाटकाशी होतो. बंगल्याच्या खाली माळ नव्हता, तीन मजली हॉटेल होतं आणि त्याच्या मागं पार्किंग. पण फाटकाच्या आत सिल्व्हर ओकची सात झाडं एका रांगेत होती. धुळानं ती मोजली. पुतण्या भला माणूस होता. त्यानं सांगितलं, डॉली आंटीला फोटोचं वेड होतं, गॅरेजमध्ये दोन ट्रंका भरून आहेत. घरच्यांचे अल्बम त्यानं काढून घेतले होते. बाकीचे हवे ते न्या म्हणाला, नाहीतर ते रद्दीतच जायचे.

ट्रंकेत अल्बमांवर सालं घातलेली होती. बाई शिस्तीच्या. चौऱ्याहत्तरचा अल्बम वरून चौथा. काळी जाड पानं आणि त्यावर पांढऱ्या पेन्सिलीनं लिहिलेलं. धुळा फरशीवर बसला, आम्ही तिघं त्याच्यामागं उभे. लालासाहेबानं टोपी काढली होती, का ते त्यालाच ठाऊक.

सोळाव्या-सतराव्या पानावर तो फोटो होता. हाताच्या पंजाएवढा. तीन बाया आणि बिऱ्हाड लादलेला घोडा. मागं सिल्व्हर ओक. एका बाईच्या कडेवर वर्ष-दीड वर्षाचं मूल. मधल्या बाईशेजारी पाच-सहा वर्षांचा पोरगा, पण खट्ट व्हायच्या वेळी त्यानं मान फिरवलेली, त्यामुळं चेहरा पुसल्यासारखा झालेला. मधली बाई हसत होती आणि तिचा हात पोराच्या डोक्यावर होता. खाली लिहिलं होतं, शेफर्ड्स, नोव्हेंबर १९७४.

प्रांजल वाकली आणि मधल्या बाईवर बोट न टेकता म्हणाली, "आप्पा, ही का?"

धुळा किती तरी वेळ बघत होता.

"ठाऊक न्हाई," तो म्हणाला. "मला तिचं तोंडच आठवत न्हाई गं."

इतकी वर्षं आम्ही शोधलं, पण हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. फोटो सापडला म्हणजे झालं, असंच धरून चाललो होतो. सहा वर्षांच्या पोराला गाल पुसलेले आठवतात, हात आठवतो, आवाज आठवतो. तोंड जातं. आम्ही अल्बमाची उरलेली पानं बघितली, पुढची दोन सालं बघितली. मेंढपाळांचा तो एकच फोटो होता. धुळानं पुतण्याला विचारून अख्खा अल्बम घेतला. त्या रविवारी मी काहीच घेतलं नाही.

ओळखणारं माणूस होतं. धुळाची चुलती धोंडुबाई, त्याच वाड्यात असायची, ऐंशीच्या पुढची, म्हसवडच्या वस्तीवर लेकाकडे. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं होऊन तिला आता सुईत दोरा ओवता येत होता. मला वाटलं, धुळा दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे जाईल. पंधरा दिवस झाले तरी गेला नाही. मग प्रांजलचा फोन आला. म्हणाली, काका, आप्पांनी अल्बम कपाटावर ठेवलाय. कामावरून आले की काढतात, मधल्या बाईकडं बघतात, परत ठेवतात. आजीकडं जाऊ म्हटलं की आज नको म्हणतात. विचारायचंच नाहीये त्यांना.

मला ते समजलं. विचारलं नाही तोवर ती आईच होती.

पण हे असं किती दिवस चालणार होतं? मी लालासाहेबाला फोन केला. आम्ही दोघांनी एका रविवारी रहिमतपूरला त्याच्या दारात गाडी उभी केली. प्रांजल आलेलीच होती. धुळानं आमच्याकडं बघितलं, आत गेला, अल्बम टॉवेलात गुंडाळून घेऊन आला आणि गाडीत बसला.

धोंडुबाई अंगणात उन्हाला बसली होती. तिनं आधी प्रांजलला जवळ घेतलं, लग्नाचं विचारलं, आम्हाला पाणी द्यायला सांगितलं. मग धुळानं टॉवेल सोडला. तिनं अल्बम मांडीवर घेतला, लांब धरला, जवळ आणला आणि बायांकडं न बघता घोड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो घोडा आमचा न्हवं," ती म्हणाली.

धुळा म्हणाला, नीट बघ, पन्नास वर्षं झाली.

"आरं, आमचा पांढरा हुता. ह्यो काळपट दिसतोय. आन् ह्या लगामाला कवड्या हायत्या, आमच्याकडं कुठल्या कवड्या? ह्यो वाडा आटपाडीकडचा. आमच्या म्होरं-मागं असायचा." मग ती बायांवर आली. "ही मधली सुला. सुलाबाई. दिघंचीच्या अलीकडं त्येंची वस्ती हाय. जिती हाय की अजून. गेल्या जत्रंत भेटलीती."

"आन् हे पोरगं?"

"तिचंच आसंल. तू न्हवं. तू हितका मोटा कवा हुतास, तू लय बारीक हुतास."

धुळानं अल्बम तिच्या मांडीवरून घेतला नाही. तो पायरीवर बसला. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, आई दिसायला कशी होती. मी त्याच्याशेजारीच होतो, म्हणून मला कळलं की त्यानं हे तिला आयुष्यात कधीच विचारलं नव्हतं.

धोंडुबाईनं आठवायचा प्रयत्न केला, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "बाईमानसासारकीच की," ती म्हणाली. "आमच्यासारकी. सकाळी उटून बिराड लादायचं, दिसभर चालायचं, सांच्याला चूल मांडायची. कोन कशी दिसती हे बगायला वेळ कुनाला हुता, लेकरा?" तिला वाईट वाटलं होतं. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "चांगली हुती. कुनाला उलट बोलली न्हाई कवा."

जेवण झालं. भाकरी, कालवण, शेंगदाण्याची चटणी. धुळानं दोनच घास खाल्ले. आम्ही निघालो तेव्हा प्रांजल हळूच म्हणाली, की हा फोटो त्या सुलाबाईंचा आहे, तर त्यांना द्यायला हवा. दिघंची इथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

धुळा पहिल्यांदाच तिच्यावर चिडला. म्हणाला, मी शोधलाय, मी ठेवणार. त्या बाईनं काय शोधलं?

लालासाहेबानं गाडी सुरू करून म्हसवडच्या चौकात आणून उभी केली. डावीकडं सातारा, उजवीकडं दिघंची. तो वळवेना. मागं न बघता बसून राहिला. मला वाटलं आता भांडण होतंय. धुळा मांडीवरच्या टॉवेलाकडं बघत होता.

"त्येंच्याकडं बी नसंल," तो शेवटी म्हणाला. "चला."

दिघंचीच्या अलीकडं डाळिंबाच्या बागा लागतात. विचारत विचारत वस्तीवर पोचलो. सुलाबाईचा मुलगा नाथाजी, बावन्न-त्रेपन्नचा, बागेतून हात पुसत आला. चार अनोळखी माणसं बघून त्याला वाटलं आम्ही विम्याचे. फोटोबद्दल सांगितलं तर आणखी गोंधळला. असं काही आमच्यात कधी झालंच नाही, म्हणाला. पण आत चला म्हणाला.

सुलाबाई शेडच्या सावलीत सुपात मटकी निवडत बसली होती. पाऊणशेच्या जवळची, अंगानं वाळलेली, पण पाठ ताठ. धुळानं अल्बम तिच्यापुढं ठेवला. तिनं चष्मा नाही म्हणून सांगितलं. नाथाजीनं आणून दिला. तिनं बघितलं आणि तिला काहीच ओळखू येईना. मग डावीकडच्या बाईवर तिचं बोट थांबलं.

"ही यशोदा. जाऊ माजी," ती म्हणाली. मग कडेवर मूल असलेलीकडं बघून, "ही नणंद. आन् तिच्या कडंवर ह्यो नाता." तिनं नाथाजीकडं मान केली. "हिच्याबिगर ऱ्हायचाच न्हाई." मग ती मधल्या बाईपाशी अडखळली. "ही जाऊ, ही नणंद. मंग ही मी आसनार. आन् ह्यो पोरगा यशोदाचा थोरला."

नाथाजी खाली बसला. त्यानं अल्बम दोन्ही हातांनी धरला. त्याची आई तशी कधीकाळी होती, हे त्याला तोवर ठाऊकच नव्हतं, असं त्याचं तोंड झालं होतं. तो एकदा फोटोकडं बघायचा, एकदा तिच्याकडं. "आये, तू हसतीयास," तो म्हणाला.

"पाव दिलंतं त्या बाईनं," सुलाबाई म्हणाली. "म्हनून आसंल."

मी धुळाकडं बघितलं. तो फोटोकडं बघत नव्हता. तो म्हातारीकडं बघत होता. तिचे हात, पायातली जोडवी, मानेवरची सैल कातडी. ठकू असती तर एवढीच असती, दोन-चार वर्षांनी इकडं-तिकडं. पोस्टात रोज म्हाताऱ्या येतात पेन्शनला, त्यांच्याकडं त्यानं असं कधी बघितलं असेल का, मला माहीत नाही.

सुलाबाईच्याही ते ध्यानात आलं. तिनं चष्मा काढला. "तू कुनाचा रं?" तिनं विचारलं.

"बिराचा. वरकुट्याकडच्या." मग तो थांबला. "ठकूचा."

तिनं सूप बाजूला सारलं. काही बोलायच्या आधी तिनं हात लुगड्याला पुसले.

"कोकनात गेली ती ठकू," ती म्हणाली. "आमचा वाडा एक वढा सोडून हुता. रातीत निरोप आला न्हाई, दिस उगवल्यावर आला. तुजी चुलती बाळंतीन हुती, तिला उटवत नव्हतं. मंग आमी दोगी गेलो, मी आन् ही यशोदा. आंगूळ आमीच घातली तिला." तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. "केस लय हुतं तिचं. लय लांब. धुवायला दोगी लागलो. मी धरल्यालं आन् यशोदानं पानी घातलं. वाळंनात. गड्यांनी घाई केली तरी आमी म्हनलं थांबा, वाळू द्या. वलं केस घिऊन कशी जाईल बाईमानूस."

धुळा पुढं सरकला. "किती लांब, मावशी?"

सुलाबाई सांगायचं सोडून उठायला लागली. नाथाजीनं तिला धरलं. ती उभी राहिली, पाठमोरी झाली, जरा वाकली आणि हात मागं नेऊन गुडघ्याच्या खाली लावला. "हितवर," ती म्हणाली.

धुळा रडला नाही. त्यानं मान हलवली, पोस्टात कुणी पत्ता सांगितला की तो हलवतो तशी, नीट लक्षात ठेवल्यासारखी. प्रांजलचे डोळे मात्र भरून आले. तिनं तोंड फिरवून घेतलं. तिचेही केस लांब आहेत. दवाखान्यात टोपीत मावत नाहीत, म्हणून ती नेहमी कापायचं म्हणते. त्या दिवशी ते आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं असणार.

फोटो त्यांना दिला. नाथाजी अख्खा अल्बम घेईना, एकच पान द्या म्हणाला, तेव्हा धुळानं स्वतः चाकूनं कोपऱ्यातले चिमटे सैल करून फोटो मोकळा केला आणि त्याच्या हातात ठेवला. त्याच्या बदल्यात नाथाजीनं पाटीभर डाळिंबं गाडीत टाकली. म्हातारीनं प्रांजलच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ती आम्हाला चहा न पिता जाऊ देईना.

परत येताना अंधार पडायच्या आत पुसेगाव गाठलं. तिथं धुळा बोलला. म्हणाला, सुलाबाईचा फोटो निघाला म्हणजे आमचाही कुणीतरी काढलाच होता, मला खट्ट ऐकू आलंय. बाई दुसरी असेल. बंगला दुसरा असेल. लालासाहेब लगेच म्हणाला, मग हुडकू की, आपण कुठं मेलोय. धुळा म्हणाला, "आता मला कळंल. पदराखाली अंबाडा मोठा दिसला पायजे."

ते खरंच होतं. आता त्याच्याकडं ओळखायला काहीतरी होतं.

आम्ही अजून जातो. ह्या चैत्रात पाचगणीत आणखी दोन बंगले निघाले, एक सांगलीत डॉक्टरांचं घर. धुळा येतो, फरशीवर बसतो, पानं उलटतो. पण महिन्यातला एखादा रविवार तो येत नाही. लालासाहेबाला फोन करून सांगतो, की आज दिघंचीला जातोय. पहिल्या वेळी लालासाहेबाला राग आला होता, इतक्या लांब एसटीनं कशाला, मला सांगायचं. धुळा म्हणाला, एसटीच बरी आहे.

मी एकदा त्याला विचारलं, की तिथं जाऊन करतोस काय, ती काही आणखी सांगते का.

"न्हाई," तो म्हणाला. "तिला तेवढंच ठाऊक हाय. एकदाच तर बगितलंतं तिनं." मग म्हणाला, ती निवडत बसते, मी बसतो. कधी सूप मागं सारते आणि जेवलास का विचारते. मी जेवून गेलेलो असलो तरी न्हाई म्हणतो.